होडीतून उतरायची बॅग

कसालची किशोरी लग्नांचे फोटो काढते. रविवारचं लग्न खाडीपलीकडे होतं आणि वरबापाने बजावलं होतं, "होडीतून उतरताना सामान धरूक माणूस घेवन ये, नायतर दुसऱ्याक बोलवतंय." तिला माणूस नको होता, दोन्ही हात मोकळे ठेवणारी बॅग हवी होती.

कुडाळच्या दुकानदाराने नाजूकशी बॅग पुढे केली. अशा दुकानदारांना गिऱ्हाईक कमी, बाई जास्त दिसते. "ही घे गो बाय, बायकांका हलकी बरी."

"बायकांचे लेन्स हलके येतत काय रे?" म्हणत तिने आपलं सगळं सामान तीत भरलं, स्टुलावर चढली आणि होडीतून उतरावं तशी धपकन उडी मारली. बॅग खांद्यावरून घसरली. मग कमरपट्ट्याची दणकट बॅग भरून उडी मारली. ही बॅग जागची हलली नाही.

पाठीवरून न उतरवताच तिने वरबापाला फोन लावला. "रविवारी एकटीच येतंय."