तीन नंबरचा माग

मी गाडीला लिंबू-मिरची बांधत नाही. अमावास्येला नारळ फोडत नाही. कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये चोवीस वर्षं असिस्टंट आहे. जे मोजता येत नाही, त्यावर डोकं खपवायला मला वेळ नसतो. या ग्रुपवरचे भुताटकीचे अनुभव वाचून मी इतकी वर्षं हसत आलोय. तेव्हा आता माझ्यावर कुणी हसलं तर फिट्टंफाट समजतो.

मी सोलापूरचा, पूर्व भागातला. आम्ही विणकर. घरात तेलुगू बोलतो, वडिलांना 'नाना' म्हणतो. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नानांचे चार यंत्रमाग होते, चादरीचे. दोन वर्षांपूर्वी नानांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली. ते तीन आठवडे दवाखान्यात होते, तेवढ्यात मी चारही माग भंगारात विकले. ऑर्डरी नव्हत्या, कामगार मिळत नव्हते, हे सगळं खरंच होतं. पण नानांना विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, म्हणून विचारलंच नाही. आलेल्या पैशातून एक जुनी, छोटी पेट्रोल गाडी घेतली. म्हटलं, त्यांना फिजिओथेरपीला न्यायला बरी पडेल.

नाना घरी आले, काठी टेकत मागच्या दारात गेले, रिकामी शेड बघितली... आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं बंद. अम्माशी बोलायचे, नातवंडांशी बोलायचे, गल्लीतल्या कुत्र्याशीसुद्धा बोलायचे. मी समोर आलो की तोंड भिंतीकडे. गाडीत तर पाय ठेवला नाही. अम्मा त्यांना रिक्षाने न्यायची आणि माझी गाडी दारात उभी. मला लाज वाटायची, आणि खरं सांगतो, रागही यायचा.

आवाज सुरू झाला तो अक्कलकोट रोडवर, भर दुपारी. बॉनेटखालून — खटाक्, खटाक्, खटाक्. सात ठोके सरळ, आठवा जरासा उशिरा. मी गाडी तशीच शुक्रवार पेठेत उस्मानचाचांकडे नेली. हे जुने मिस्त्री. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनवर टेकवायचं आणि मूठ कानाला लावून ऐकायचं, ही त्यांची पद्धत. टॅपेट ऐकले, वॉटर पंप ऐकला, बेल्ट काढून इंजिन चालवून बघितलं. आवाज तसाच. शेवटी मला ॲक्सिलरेटर दाबायला लावला.

"और देव रेस... और देव..."

इंजिन नुसतं कोकलत होतं. चाचांनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

"इंजनकी आवाज रहती तो रेसके साथ बढ़ती ना, साब? ये बढ़तीच नै. अपनीच चालसे चलरी. दुसरोंकू नक्को दिखाव, खामखा खोल के रख देंगे."

तरी मी आणखी दोघांना दाखवली. एकाने माउंटिंग बदललं, दुसऱ्याने सायलेन्सर. आवाज आपल्या चालीने चालूच.

मग एका रविवारी सकाळी नरसय्या आले. हे आमचे जुने जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे. महिन्यातून एकदा नानांना भेटायला येतात. मी बाहेर निघालो होतो. गाडी चालू केली, तर ओट्यावर चपला काढता काढता ते थांबले. एक चप्पल पायात तशीच ठेवून बॉनेटजवळ आले, मान तिरकी केली.

"धाकटे मालक, ह्यो तीन नंबर हाय की."

"कसला तीन नंबर?"

"आपला तीन नंबरचा माग. आटव्या ठोक्याला अडकतोय बगा. किती येळा धोटा बदलला मी त्याचा, खोड काय गेली न्हाई."

हसणार होतो, पण हसू आलं नाही. कारण त्यांनी सांगितल्यावर मलाही तोच ऐकू यायला लागला. लहानपणापासून त्या आवाजात झोपलेला माणूस मी. मला ओळखू आला नव्हता की ओळखायचा नव्हता, देव जाणे.

नरसय्या अजून ऐकतच होते. "आनि रिकामा न्हाई ह्यो. रिकामा माग पोकळ वाजतोय. ह्याच्यावर बीम चढलेलं हाय." मग माझ्याकडे बघितलं. "तीनवरचं बीम उतरवूनच माग काढला न्हवं?"

इथे सांगायला हवं. बीम म्हणजे ताण्याच्या, उभ्या सुताचा मोठा रूळ, मागावर चढवलेला. चढलेलं बीम शेवटपर्यंत विणून संपवायचं, मगच मागाला हात लावायचा, असा आमच्या घरातला दंडक. घरात माणूस गेला तरी शेजारचे येऊन बीम विणून उतरवून द्यायचे. मी माग विकले त्या दिवशी तीन नंबरवर अर्धी चादर होती. भंगारवाल्याचा टेम्पो दारात हॉर्न मारत होता. मी कात्री घेतली आणि सगळा ताणा कापला. हे मी आणि तो भंगारवाला सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं.

"उतरवलं की," मी म्हणालो.

नरसय्या आत गेले. काय बोलले माहीत नाही. पाच मिनिटांनी नाना काठी टेकत बाहेर आले, डाव्या हाताने गाडीचं दार उघडलं आणि माझ्या शेजारी बसले. चौदा महिन्यांत पहिल्यांदा! अम्मा दारात पदर तोंडाला लावून उभी होती.

नाना काचेतून समोर बघत ऐकत राहिले. बऱ्याच वेळाने, जड जिभेने, तेलुगूत विचारलं, "तीनवरचं बीम उतरलं होतं?"

खरं सांगता आलं असतं. पण चौदा महिन्यांनी बाप माझ्याशी बोलत होता, आणि ते मला घालवायचं नव्हतं.

"हो नाना. पूर्ण उतरवलं, मगच माग काढला."

नानांनी डावा हात पुढे केला. रिकाम्या हवेत मूठ वळली आणि माग बंद करताना हँडल ओढतात तशी स्वतःकडे ओढली. खटाक् खटाक् तिथल्या तिथे थांबलं. इंजिन मात्र चालूच होतं, अगदी सुरळीत.

"उतरलं होतं," नाना म्हणाले, "तर हा इतके दिवस काय विणत होता?"

त्यांनी उत्तराची वाट बघितली. मी स्टिअरिंग धरून बसलो. मग ते उतरले आणि घरात गेले. पुन्हा माझ्याशी बोलले नाहीत. दिवाळीच्या आधी गेले.

आवाज त्यानंतर कधीच आला नाही. लॅबमधला एक सहकारी म्हणतो, रेझोनन्स असेल. रेझोनन्सला आमच्या मागाची खोड कशी ठाऊक, ते काही तो सांगत नाही. मला आजही यातलं ओ की ठो कळलेलं नाही. कुणाकडे स्पष्टीकरण असेल तर जरूर लिहा. फक्त 'वडिलांनी मनातून माफ केलं असेल' असलं काही लिहू नका. त्यांनी शेजारी बसून मला खरं बोलायला भरपूर वेळ दिला होता, आणि मी गप्प बसलो.