सरळ रेघेचं दुखणं

सुनेने सासऱ्याला हुकूम सोडायचा, तोही वॉकीटॉकीवर, तीस-चाळीस माणसं कान लावून बसलेली असताना! असं घर तुम्ही पाहिलंय? मी पाहिलंय. त्या साइटवर सात वर्षं भांडार सांभाळलं आणि खरं सांगायचं तर माझी करमणूक या दोघांच्याच जिवावर झाली.

साइटवरचं काम असं: भुईत दोन-अडीच किलोमीटर खोल भोक पाडायचं, खालच्या तापलेल्या खडकातली उष्णता वर आणायची आणि तिच्यावर वीज करायची. सासरे तिथले ड्रिलर. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. एकतीस वर्षं पाइप खाली सोडायच्या ब्रेकच्या दांड्यावर हात. "खडक मला तळहातातून कळतो," असं ते म्हणत, आणि दहातल्या सात वेळा कळायचाही. सगळा घोटाळा त्या उरलेल्या तीन वेळांचा.

सुनेला आम्ही आकडेताई म्हणत असू. भोक पाडायच्या यंत्रापासून, म्हणजे रिगपासून, शंभर पावलांवर पत्र्याच्या केबिनमध्ये ती चार स्क्रीन मांडून बसे. पाइपाच्या टोकाला खडक कुरतडणारं दातेरी बिट असतं, त्यावर वजन किती, पाइपाला पीळ किती, चिखल आत किती गेला, बाहेर किती आला, दर सेकंदाला नवा आकडा. हा चिखल मुद्दाम कालवलेला असतो. पाइपातून खाली जातो, बिट गार ठेवतो, खडकाचा चुरा घेऊन वर येतो. गेला तेवढा परत आला नाही तर समजावं, खाली भेग आहे आणि ती गटागटा पितेय. मग चुरा तळाशीच साचतो, आणि त्यात पाइप रुतला की हत्ती लावा, हलायचा नाही.

घरी 'बाबा' आणि वॉकीटॉकीवर 'ड्रिलर', हा नियम उस्तादांनीच घातलेला. ताई चिडली की 'ड्रिलरसाहेब' म्हणे. आम्ही त्यावरून हवामान ओळखत असू.

"ड्रिलर, वजन कमी करा. बिट अडकतंय-सुटतंय."

"माझ्या हाताला तसं काही लागत नाहीये."

"हाताला लागेल तोवर दात पडलेले असतील."

"कोणाचे?"

सगळी रिग हसली. संध्याकाळी बिट वर आलं, बोळकं होऊन. सगळा पाइप काढून, बिट बदलून परत खाली सोडायला चौदा तास लागतात. उस्ताद म्हणाले, "बिटच खराब दिलं होतं." नाचता येईना अंगण वाकडं, आणि ते अंगण म्हणजे माझं भांडार!

घरची बातमी मला बायकोकडून मिळे, तिला थेट ताईच्या सासूबाईंकडून. ताईचा नवरा लांबच्या गावी मास्तर. सुट्टीत यायचा, दोघांनाही "तुमचं बरोबर आहे" म्हणायचा आणि परत जायचा. शहाणा माणूस. एरवी जेवायला तिघं. उस्ताद सासूबाईंना म्हणत, "तुझ्या सुनेला सांग, मीठ दे." ताई म्हणे, "आई, बाबांना विचारा, किती ग्रॅम."

त्या वर्षीचं भोक उस्तादांचं शेवटचं होतं, पुढे निवृत्ती. आणि ताईला साइटच्या मोठ्या साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, "या भोकात तुझ्या आकड्यांनी काही वाचवून दाखव. नाहीतर पुढच्या कामाला केबिन नाही. स्क्रीन भांडारात जमा." चार वर्षं ती ओरडत होती, चार वर्षं पालथ्या घड्यावर पाणी. आता घडाही जाणार होता.

आता त्या पत्तीबद्दल सांगतो. परत येणारा चिखल ज्या पन्हळीतून वाहतो, तिच्यात एक लोखंडी पत्ती लोंबत असते. प्रवाह जोरात असला की पत्ती वर उचलली जाते, कमी झाला की खाली येते. ताईच्या स्क्रीनवरची परतीची रेघ या पत्तीवरून निघे. पण चिखल चिकटून पत्ती जड होई, मधेच खाली पडे आणि उगाच भोंगा वाजे. एका पाळीत तीन-तीनदा. दर वेळी उस्तादांनी काम थांबवायचं, सगळ्यांनी पन्हळीपाशी जाऊन बघायचं, काही नाही म्हणून परत यायचं. माणसाचं टाळकं फिरेल नाहीतर काय!

तर एक दिवस चिखलाच्या टाक्या सांभाळणारे आमचे चिखलराव भांडाराच्या खिडकीत आले. "दोन हात तार द्या."

"कशाला?"

"उस्तादांना हवीय."

मी दिली. पुढचं विचारलं नाही. मी! ज्याला शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मोजल्याशिवाय चैन पडत नाही, त्याने विचारलं नाही. कारण मला कळलं होतं.

दोन दिवस भोंगा गप्प. उस्ताद खुशीत, "बघा, आकडेसुद्धा वळणावर आले." आणि ताई अस्वस्थ. माझ्याकडे आली. "काका, परतीची रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ येतेय. चिखलाची रेघ अशी नसते हो, थरथरते."

"बरंय की," मी म्हणालो. रोजचा चहा माझा उस्तादांबरोबर होता. तिने तीनदा निरोप धाडला, पत्ती तपासा. तपासायला गेले कोण? चिखलराव. "ठीक आहे," म्हणाले. साहेबांकडे गेली तर ते हसले, "भोंगा वाजला तरी तक्रार, नाही वाजला तरी तक्रार?"

तिसऱ्या दिवशी दुपारी तीनला वॉकीटॉकी खरखरला.

"ड्रिलर, थांबा. टाकीतला चिखल उतरतोय."

"परतीची रेघ काय म्हणते?"

"सरळ आहे."

"मग?"

"सरळ आहे म्हणूनच सांगतेय! टाकी रिकामी होतेय आणि परत येणारा चिखल तेवढाच? कसं शक्य आहे? ड्रिलरसाहेब, पाइप वर उचला."

"एवढा एक पाइप खाली उतरवून संपवतो आणि बघतो."

"अहो बाबा, उचला हो!"

या वेळी कुणी हसलं नाही. उस्तादांनी तो एक पाइप संपवला. वीस मिनिटं लागली. नंतर उचलायला गेले तर पाइप जागचा हलेना.

दोन दिवस ओढाओढ झाली, शेवटी पाइप तुटला. त्याचा तीनशे मीटरचा तुकडा खालीच राहिला, त्यावर सिमेंट ओतलं आणि बाजूने तिरपं नवं भोक घ्यायचं ठरलं. मग बैठक. टेबलावर ताईच्याच स्क्रीनचे कागद पसरलेले.

"एक आकडा म्हणतो थांब, दुसरा म्हणतो चल," साहेब म्हणाले. "ड्रिलरने ऐकायचं कुणाचं? असली यंत्रणा ठेवायची कशाला?"

"पत्ती बांधून ठेवली होती," ताई म्हणाली.

"तुम्ही पाहिलीत?"

"मी पोचले तेव्हा मोकळी होती. पण बांधलेलीच होती. त्याशिवाय अशी रेघ येत नाही."

चिखलरावांनी छताकडे पाहिलं. मी पाइपांची यादी घेऊन बसलो होतो, मी यादीकडे पाहिलं. दोन हात तार त्या यादीत नव्हती, पण मला ती दिसत होती.

उस्तादांनी खिशात हात घातला आणि वेटोळं केलेली तार टेबलावर ठेवली. तिला चिखल सुकून चिकटला होता.

"मीच बांधायला लावली. पाइप रुतल्यावर ही यायच्या आत मीच सोडली."

"का?" साहेब.

"दर वेळी थांबायचं आणि काहीच निघायचं नाही. सुनेच्या सांगण्यावरून थांबतो म्हणून पोरं हसायची." तार साहेबांकडे सरकवून म्हणाले, "त्या दिवशी थांबलो असतो तर निघालं असतं."

केबिन राहिली. उस्तादांना चार महिने आधीच घरी बसवलं. अहवालात लिहिलं, 'उपकरणात तात्पुरता बिघाड.' ताईने तो माझ्या खिडकीत आपटला. "तात्पुरता? दोन हात लांब होता!" मी तोंड उघडलं, पण तिने माझ्याकडे असं पाहिलं की मिटलं. तिला माहीत होतं, तार कुठून आली ते.

नवा ड्रिलर पदवीवाला आहे. प्रत्येक सूचनेला "हो मॅडम, नक्की मॅडम" म्हणतो आणि पाइप उचलत नाही. त्यापेक्षा उस्ताद परवडले, ते निदान नाही म्हणायचे! म्हणून आता ताई पाळी सुरू होताना स्वतः पन्हळीपाशी चढते, पत्ती हाताने हलवते, मोबाइलवर रेघ उडाली का ते बघते, आणि मगच केबिनमध्ये जाते. कोपरापर्यंत चिखल. चार स्क्रीनवाल्या बाईचं हे काम!

घरी उस्ताद रोज विचारतात, "पत्ती हलवलीस?"

"हलवली."

"नवा ऐकतो का?"

"नाही."

"गाढव आहे," उस्ताद म्हणतात, आणि मीठ मागतात. आता थेट तिच्याकडेच मागतात. ती मात्र अजून बरणी सासूबाईंकडेच सरकवते.