परातीतली मॅच

इतवारीतल्या भांड्यांच्या दुकानाचे काका विदर्भाची बॅटिंग कधी सरळ पाहत नाहीत. "मी पाह्यलं का आउट होते गा," म्हणतात. पांढऱ्या सदरा-पायजम्यात टीव्हीकडे पाठ करून उभे राहतात आणि समोर टेकवलेल्या स्टीलच्या परातीत मॅच पाहतात. तिच्यात लांबट, वाकडे खेळाडू पाण्याखालून धावल्यासारखे धावतात. ती परात ते कोणालाच विकत नाहीत.

काल शेवटची विकेट पडली, आपण हरलो. मीच टीव्ही बंद केला. काका जागचे हलले नाहीत.

"काका, संपली मॅच."

"टीव्हीत संपली गा. याच्यात एक जण अजून उभा आहे ना."

मी वाकून पाहिलं. परातीत पांढऱ्या कपड्यांतला एक माणूस खरंच उभा होता. काकांनी बाहीनं घाम पुसला. त्यानंही पुसला.