अंटार्क्टिकाचा गोटा

टेबलाचा खण आवरताना काळा गोटा हाताला लागला आणि सडक अर्जुनीतलं ते व्याख्यान आठवलं. अंटार्क्टिकाला जाऊन आलेल्या पाहुण्यानं तिथल्या जुन्या मोहिमा रंगवून सांगितल्या आणि तिथून आणलेला हा गोटा लोकांत फिरवला. धान वाळलं का पाहावं तसा माझ्या बापानं तो दाताखाली धरला. "कायले फसवून राहिले साहेब? हा तं आपल्या प्रतापगडचा गोटा आहे!" मलाही शंका आली; ताडून पाहायला मी तो गुपचूप खिशात टाकला. गोटा परत येईना, तसा पाहुणा आमच्याकडे संशयानं पाहू लागला. "आमच्यात कोनी चोर नाही," बाप ठणकावून बोलला. दुसऱ्या दिवशी मी आमच्या भागातला प्रतापगडचा डोंगर पालथा घातला. तसा एकही दगड मिळाला नाही. बाप मरेपर्यंत त्या पाहुण्याला लबाड म्हणत राहिला, आणि मी होकारार्थी मान हलवत राहिलो.