दार कुणासाठी लावलं

नव्वदच्या दशकात लग्न होऊन मी नारायणगावला आले आणि बाजारपेठेतल्या एका गाळ्यात दवाखाना थाटला. शिक्षण पुण्यात झालेलं, त्यामुळे माझी समजूत अशी की पेशंट एकटा येतो, तक्रार सांगतो आणि औषध घेऊन जातो. इथं तो शेजारीण, जाऊ, एखादा पाहुणा असा गोतावळा घेऊनच यायचा. स्टुलावर एक जण बसायचा आणि बाकड्यावरून बाकीचे बोलायचे.

"खोकल्याचं सांगितलं का रं?"

"बाई, त्यो तंबाखू बी खातो, इचारा त्याला!"

आजारी नेमकं कोण, याचाच कधीकधी मला घोटाळा व्हायचा.

शेवटी वैतागून मी मध्ये प्लायवूडची भिंत घातली आणि तिला दार बसवलं. पण साध्या पडशासाठी दार लावलं की माणसं बिचकायची, आपल्याला एवढं काय झालंय म्हणून. मग मी ते उघडंच ठेवू लागले आणि खरोखर खाजगी काही असेल तेव्हाच लावू लागले. मला वाटलं, छान तोडगा निघाला. बाकड्यावरच्यांनी मात्र त्यातून आपलं वेगळंच शास्त्र काढलं: दार लागलं म्हणजे वाईट आजार. त्या दिवसांत हायवेच्या नाक्यावर एड्सचे फलक लागले होते. वाईट आजार म्हणजे कोणता, हे कुणाला विचारावं लागत नव्हतं.

अशात पिंपळवंडीची एक मुलगी आईबरोबर आली. लग्न ठरलेलं, पाळीची तक्रार. मी दार लावून तपासलं. नेमकी त्याच वेळी तिच्या होणाऱ्या नवऱ्याची मावशी गुडघा धरून बाहेर बसली होती. थोड्याच दिवसांत मंचरहून मुलाकडच्यांचा निरोप आला, लग्नाचं जरा थांबू.

मुलीची आई वारूळवाडीला मावशीच्या घरी जाऊन तिलाच माझ्याकडे घेऊन आली. मागोमाग मुलगी. बाकडं भरलेलं होतं.

"बाई, तुमी दार का लावलं व्हतं ते सांगा यास्नी. सगळ्यांम्होरं सांगा."

"पेशंटचं मी बाहेर बोलत नाही," मी म्हणाले. कॉलेजात हे वाक्य फार रुबाबदार वाटायचं.

"मंग काय तरी आसंलच की," मावशी म्हणाली.

आई रडायला लागली. मावशीचा मला असा संताप आला, पण तिचं चुकतंय कुठं तेही सांगता येईना. एवढा वेळ खाली बघत उभ्या असलेल्या मुलीनं मान वर केली.

"सांगा बाई. माझंच हाय ना ते? मी म्हणती, सांगा."

मी सांगितलं. अंगात रक्त कमी आहे, गोळ्या दिल्यात, दुसरं काही नाही.

"आवो, हे आदीच बोलला असता तर येवढं रामायण झालं असतं का?" मावशी म्हणाली. "आजच कळवती मंचरला."

सगळे हसले. मीही हसले. तोंड मिटून बसले तेव्हा त्या पोरीचं लग्न मोडत होतं आणि तोंड उघडलं तेव्हा वाचलं. मग मी आजवर शिकले ते काय? डोकं नुसतं भणाणून गेलं होतं.

बाकड्याच्या टोकाला टोमॅटोची गाडी वाशीला नेणारा एक ड्रायव्हर बसला होता. त्याचा ताप हटत नव्हता, वजन उतरत होतं, म्हणून मी त्याचं रक्त तपासायला पाठवलं होतं. लॅबचा फोन मला सकाळीच आला होता. फलकावरचाच आजार. त्याला आत बसवून हे कसं सांगायचं, याची मी तेव्हापासून मनात जुळवाजुळव करत होते.

सगळे हसत होते तसा तोही हसत उठला.

"बाई, लगेहात माझं बी सांगून टाका, याला काय न्हाई म्हणून. आमची मंडळी लई डोस्कं खातीया."

नुसतं 'चल आत' म्हणायचं होतं. तेवढंही सुचेना. खोटं बोलू, रागावू, का हसून वेळ मारून नेऊ? मी काय केलं तर त्याचं झाकलेलं राहील, हेच मला कळत नव्हतं. हसू थांबलं. मावशी पदर सावरून जरा पलीकडं सरकली.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "तुमी मला आदी सांगायचं व्हतं की, बाई."