खालपर्यंतचा तुकडा

आमची ताई डॉक्टर आहे, पण घरात कुणी शिंकलं तर तिला कुणी विचारत नाही. तिच्याकडे पेशंट तुकड्यांनी येतात. कातडीचा तुकडा, त्याचा काचेवरचा पातळ काप आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेली ताई. आई म्हणते, "एवढं शिकून हिनं पटकावली काय, तर बिनखिडकीची खोली!" शिवाय समोरचा बोलत असताना ही त्याच्या चेहऱ्यावरचे तीळ न्याहाळते. तिचं लग्न त्यामुळेच लांबलं, असं माझं ठाम मत आहे.

तिचे कपडे कोपऱ्यावरच्या शिवणवाल्या काकू शिवतात. त्यांच्या वरच्या ओठाशी एक टणक उंचवटा आला होता. कातडीच्या डॉक्टरांनी त्याचा वरचा पापुद्रा काढून तपासायला पाठवला. तो ताईच्याच टेबलावर आला. घामाच्या ग्रंथीची साधी गाठ, असं लिहून तिनं सही केली. काकूंचा जीव भांड्यात पडला.

पुढे ताई बाहीचं माप द्यायला गेली. मी गाडीची चावी फिरवत दारात उभा. काकूंनी सवयीनं टाचण्या ओठांत धरल्या होत्या. एकाएकी वरच्या ओठातून रक्त ओघळलं. टाचणी चांगली आत रुतली होती आणि त्यांना पत्ताच नव्हता.

"दुखत नाही?" ताईनं विचारलं.

"तिथं मला कधीपासून काही कळतच नाही. वय झालं, दुसरं काय!"

ताई पांढरीफटक पडली. साध्या गाठीनं ओठ असा बधिर होत नाही. पण घामाच्या नळ्यांचा एक दुर्मीळ कॅन्सर असतो. वरून तो अगदी गरीब दिसतो, आणि खाली मज्जातंतूंना वेढत पसरतो. ताईनं तो फक्त पुस्तकात पाहिला होता.

"काकू, माझा रिपोर्ट चुकला असावा. वरवरचा तुकडा पाहून मी सही केली. खालपर्यंतचा मागवायला हवा होता."

काकू भडकल्या. "तुम्हीच म्हणालात ना, काही नाही म्हणून? आता पुन्हा तोंड चिरू देऊ?"

"हो. मला हव्या तेवढ्या शिव्या द्या, पण तुकडा द्या."

गप्प बसली असती तर तिला कुणी धरलं नसतं. त्या क्षणी मला तिचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा तिच्या पदव्यांचाही कधी वाटला नव्हता.

नव्या तुकड्याच्या तळाशी पेशींच्या बारीक ओळी मज्जातंतूला वेढून बसल्या होत्या. तोच कॅन्सर. ऑपरेशन झालं. कापलेल्या भागाच्या कडा तपासायचं काम ताईकडेच होतं. एका कडेत कॅन्सरच्या पेशी निघाल्या, पुन्हा कापावं लागलं. ओठ आता वाकडा राहणार होता.

दुसऱ्या वेळच्या कडा तिनं पुन्हा पुन्हा पाहिल्या. मग मी आणलेला डबा तसाच ठेवून ती थेट वॉर्डात गेली. मी मागोमाग.

"काकू, सगळ्या कडा पाहिल्या. कुठंच काही उरलेलं नाही."

काकूंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. पट्टीमुळे शब्द नीट फुटत नव्हते.

"खालपर्यंत बघितलंत?"

"खालपर्यंत."

"मग झालं तर," म्हणत काकूंनी डोळे मिटले. ताई मात्र त्यांचा हात धरून हमसून हमसून रडली.