आवाज न करणारा सोडा

समजा, ऐन उन्हाळ्यात धरणगावात पहाटे पाचला तुम्हाला सोडा भरायचा आहे. ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या रांजणातलं गार पाणी जाड हिरव्या बाटलीत ओता. गळ्याच्या जरा खाली थांबा. बाटली यंत्राच्या चौकटीत अडकवा, गॅसची चावी उघडा आणि दांडा धरून चाक फिरवत राहा. बाटली उलटीसुलटी होते, गॅस पाण्यात घुसळला जातो आणि शेवटी काचेची गोटी गळ्यातल्या रबरावर घट्ट बसते. तोंड मात्र बाजूला ठेवा. फुटणारी बाटली सांगून फुटत नाही.

सोडावाल्या नूर महंमदची एक अशीच फुटली आणि उजव्या हाताची दोन बोटं कायमची ताठली. दुसऱ्या दिवसापासून चाक त्याच्या बायकोनं, मदिनानं, हातात घेतलं. पदर मानेमागे गाठ मारून बांधायचा, मनगटांना पोत्याचे तुकडे गुंडाळायचे आणि ऊन चढायच्या आत सगळ्या बाटल्या भरून मोकळं व्हायचं. बाजारातले लोक म्हणाले, बाईच्या हातचा सोडा फुसका निघणार. मदिनानं ते ऐकलं आणि चाकाला दहा फेरे जास्त दिले.

बसस्टँडजवळच्या रुपचंदच्या हॉटेलात तिचा निम्म्याहून जास्त सोडा जाई. सत्याऐंशी सालच्या अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आठ दिवस होते, तेव्हा रुपचंदनं तिला थांबवलं.

"भाभी, तुना सोडाले आवाज नही. जळगावहून टेम्पोनं येणारा सोडा फोडला की पार स्टँडवर ऐकू जातो. गिऱ्हाइकले फटाक जोयजे!"

"सोडा प्यायचा असतो की ऐकायचा, रुपचंदभाऊ?"

"दोन्ही. अखाजीला टेम्पोचाच माल घेईन म्हणतो."

अखाजीला लेकी माहेरी येतात, पुरुष दिवसभर पत्ते कुटतात आणि हॉटेलात पाय ठेवायला जागा नसते. ते गिऱ्हाईक एकदा गेलं की यंत्र भंगारात, हे मदिनाला कुणी सांगायला नको होतं.

घरी येऊन तिनं भर दुपारी, तापल्या पाण्यानं, एक बाटली जरा रिकामीच ठेवून भरली. अंगठ्यानं गोटी दाबली. फटाक! शेजारची शेळी दचकली. पण पेल्यात फेस भसाभस वर आला नि गेला. खाली उरलं साधं पाणी. तापल्या पाण्यात गॅस मुरलाच नव्हता, वरच्या रिकाम्या जागेत दबून बसला होता. टेम्पोवाल्याच्या फटाकचं गुपित हेच असणार.

"असाच दे," नूर महंमद म्हणाला. "लोकांना आवाज हवाय ना?"

"आवाज पिऊन कुणाची तहान गेलीय?"

अखाजीच्या सकाळी तिनं हातगाडी थेट हॉटेलच्या भट्टीपुढे उभी केली. गाडीवर ओल्या पोत्याखाली बाटल्या होत्या. भजी तळणारा चिंधा बेसनात खायचा सोडा टाकायला निघाला होता.

"थांब, चिंधाभाऊ. आज तो नको. दोन पातेल्यांत बेसन, मीठ, मिरची सारखं घे. एकात टेम्पोचा सोडा ओत, दुसऱ्यात माझा. नि लगेच तळ."

"भाभी, भजीत सोडावॉटर?" पत्ते पिसणारे खो खो हसले. "उद्या दाळीत लेमन टाकशील!"

"घरी उरलेल्या बाटलीची भजी मी रोज करते. हसून झालं की खा."

रुपचंदनं चिंधाला मानेनंच होकार दिला. चिंधानं टेम्पोवाली बाटली फोडली. फटाक! टाळ्या पडल्या. निम्मा फेस मात्र त्याच्या कोपरावरून जमिनीवर गेला. मग मदिनाची फोडली. नुसतं 'चुस्स' झालं.

"गेली हवा!" कुणीतरी ओरडलं.

पातेल्यात मात्र तिचं पीठ बारीक बारीक फुगत होतं.

पहिला घाणा कढईच्या तळाला जाऊन बसला आणि तेल पीत राहिला. दुसऱ्यातलं भजं सुटलं तेच वर आलं, फुगलं, आपसूक उलटलं.

"शेठ," चिंधा झारा हातात धरून म्हणाला, "हाई भजं तं तरंगी ऱ्हायनं!"

रुपचंदनं एक तोडलं. कुर्रकन वाजलं.

"आला ना आवाज?" मदिना म्हणाली.

आता पत्तेवाले हसले ते रुपचंदला. त्यानं तिचा सोडा पेल्यात ओतला, लिंबू पिळलं, घोट घेतला आणि नाक चोळत डोळे मिटले.

"आते बठ्ठा सोडा तुनाच, भाभी. टेम्पो जाऊ दे माघारी."

दुपारपर्यंत गाडी रिकामी झाली. लोक भज्यांसोबत 'चुस्सवाला सोडा' मागू लागले. मदिना भर उन्हातून मान ताठ ठेवून घरी आली. नूर महंमदनं डाव्या हातानं बाटल्या उतरवल्या आणि धुवायला बसला.

त्याच्यासाठी सरबत करताना तिचा हात मध्येच थांबला. गार पाण्यात साखर विरघळता विरघळत नव्हती.

"अहो," ती म्हणाली, "साखर गरम पाण्यात पटकन विरघळते. मीठही तसंच. मग हा गॅस एकटाच उलट्या डोक्याचा कसा? त्याला गार पाणीच का लागतं?"